प्रवेशाच्या दारातले बेलवलकर

उन्हाळा संपत आला की राज्यातल्या विद्यापीठांच्या नाट्यविभागांत प्रवेशाच्या चाचण्या सुरू होतात आणि तिथे ‘नटसम्राट’मधले आप्पासाहेब बेलवलकर रांगेनं येऊ लागतात. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, नुकतीच बारावी झालेली, आणि तोंडी सगळं गमावून बसलेल्या म्हाताऱ्या नटाचं स्वगत. आवाज डॉ. श्रीराम लागूंसारखा खर्जात नेलेला, श्वास घेण्याच्या जागासुद्धा त्यांच्याच. मुलींपैकी बऱ्याच जणी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत घेऊन येतात आणि पहिल्या वाक्यापासून रडू लागतात. अशा चाचण्यांत परीक्षकांच्या टेबलामागे मी अनेकदा बसलो आहे. या मुलांवर हसावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी जीव तोडून तयारी केलेली असते. प्रश्न असा पडतो की हीच तयारी करायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं?

आपणच सांगितलं, असं माझं मत आहे. अभिनय म्हणजे घरून पक्का करून आणलेला परिणाम, आणि प्रवेशपरीक्षा म्हणजे तो परिणाम कुणाचा जास्त जोरकस आहे हे ठरवण्याची जागा, अशी समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. विद्यापीठाला अभिनय खरोखर शिकवायचा असेल तर त्यानं प्रवेशाच्या वेळी तयार नट शोधणं थांबवलं पाहिजे. तयार नटाला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची गरजच काय? जो समोरच्याचं ऐकतो, सांगितलेलं करून पाहतो आणि करता करता बदलतो, असा माणूस तिथे घेतला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अभिनय शिकवून येत नाही, तो मुळात असावा लागतो. मराठी माणसानं हे म्हणावं याचं मला नवल वाटतं, कारण आपली रंगभूमी शिकवण्यावरच उभी राहिली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा त्यांच्याकडे गळा होता, रूप होतं. नट व्हायचं अजून बाकी होतं. त्यांच्याकडून भूमिका बसवून घेतल्या त्या गोविंद बल्लाळ देवलांनी. देवल आधी शाळेत शिक्षक होते. नाटककार म्हणून त्यांचं नाव ‘शारदा’मुळे घरोघरी पोचलं, पण मंडळीतल्या लोकांच्या लेखी ते तालीममास्तर होते, एकेक वाक्य, एकेक नजर, पदाआधीचा एकेक थांबा घोटून घेणारे. बालगंधर्वांच्या गळ्याला देवाची देणगी म्हणताना देवलांनी घेतलेली ही मेहनत आपण सोयीनं विसरतो.

मंडळी ही राहती शाळा होती. पोरवयात आलेली मुलं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची, रात्री विंगेत उभी राहून थोरांची कामं पाहायची आणि लहान भूमिकांमधून वर सरकायची. त्या व्यवस्थेचं गुणगान करताना तिथली उपासमार, मारहाण आणि कर्ज झाकायचं कारण नाही. शिवाय बहुतेक मंडळ्यांत बायकांना जागा नव्हती, आणि जातीच्या उतरंडीतही ती सगळ्यांसाठी उघडी नव्हतीच. पण एक गोष्ट तिच्यापाशी होती: वेळ. मुलगा आज वाईट बोलला तर उद्या पुन्हा बोलायचा, आणि ऐकणारा तोच मास्तर असायचा. १९३०च्या दशकात बोलपट आला, मंडळ्या मोडल्या आणि त्यांच्याबरोबर शिकवण्याची ही सोयही गेली. तिची जागा पुढे कुणी भरली? स्पर्धांनी.

१९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, १९६३ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकांचा पुरुषोत्तम करंडक आला, १९७४ मध्ये फिरोदिया करंडक. मराठी रंगभूमीला या स्पर्धांनी जे दिलं त्याचं मोल करता येणार नाही. गावोगावच्या हौशी मंडळींना उभं राहायला मंच मिळाला, लेखक मिळाले, दिग्दर्शक मिळाले. महाविद्यालयात असताना भरत नाट्य मंदिराच्या विंगेत थरथरत उभा राहिलेला माणूस आयुष्यभर तो थरार विसरत नाही. तरीही स्पर्धेचा नटावर एक परिणाम होतो आणि तो बोलून दाखवायला हवा. तासाभराच्या एकांकिकेत परीक्षकांच्या नजरेत भरायचं असतं. दिवसभर एकामागून एक एकांकिका पाहून परीक्षक थकलेले असतात, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत पकड घ्यावी लागते. मग आवाज चढतो, हालचाल धारदार होते, विराम मोजून घेतले जातात, टाळी कुठे येणार हे तालमीतच ठरतं. निकाल लागला की ते काम संपतं. त्या भूमिकेचा पंचविसावा प्रयोग कधीच होत नाही, त्यामुळे तिसऱ्या प्रयोगाला मरगळलेलं वाक्य दहाव्या प्रयोगाला पुन्हा जिवंत कसं करायचं, हा नटाचा खरा प्रश्न त्या मुलासमोर येतच नाही. तो जिंकायला शिकतो. आणि मग हेच जिंकणं घेऊन तो विद्यापीठाच्या दारात येतो. बेलवलकर तिथूनच येतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपले मोठे नट कुठे विद्यापीठात अभिनय शिकले? डॉ. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये उभं केलं ते जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. मग पदवीचा आग्रह कशासाठी? पण या माणसांच्या आयुष्याकडे नीट पाहिलं तर त्यांचं शिक्षण झालं नाही असं म्हणताच येत नाही. लागू पुण्यात भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं नाटकं करत होते. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ आलं. म्हणजे आज अठराव्या वर्षी जे स्वगत पोरं पाठ करतात त्यामागे त्या माणसाची दोन दशकं होती. विजया मेहता मुंबईत इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकल्या आणि अल्काझी स्वतः लंडनच्या राडा या नाट्यशाळेतून आले होते. ज्यांना आपण स्वयंभू म्हणतो त्यांची शाळा होती, फक्त तिला फाटक आणि फलक नव्हता.

तिला फाटक दिसत नव्हतं, तरी आत कुणाला जाता येत होतं ते पाहा. पुण्या-मुंबईत राहणारा, शिकलेल्या घरातला, संध्याकाळी तालमीला जाता येईल असं काम किंवा घरचा आधार असलेला माणूस. परभणीच्या शेतमजुराच्या मुलीला पीडीए कुठून भेटणार होती? विद्यापीठातल्या नाट्यविभागाची खरी बाजू मला इथे दिसते. तो विभाग म्हणजे कुणाची ओळख न लागता, सरकारी शुल्कात, वसतिगृहाच्या खोलीसह आणि आरक्षणाच्या कायद्यासह मिळणारी तालीम. सत्तरच्या दशकात औरंगाबादला, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात, कमलाकर सोनटक्क्यांच्या पुढाकारानं नाट्यविभाग उभा राहिला आणि मराठवाड्यातल्या मुलांना नाटकासाठी पहिल्यांदा आपल्या जवळ एक जागा मिळाली. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली २००३ मध्ये सुरू झाली. या जागा नट किती घडवतात हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी, नट होण्याचा विचार करायची परवानगी त्या कुणाकुणाला देतात हे पाहावं.

कुणी ‘सैराट’चं नाव घेईल. रिंकू राजगुरूनं कुठलंही शिक्षण न घेता जे केलं ते लखलखीत होतं, आणि त्याआधी ‘फँड्री’त सोमनाथ अवघडेनंही. हे खरं आहे. सिनेमात एक नजर एकदाच पकडावी लागते, आणि नागराज मंजुळेंसारखा दिग्दर्शक त्या मुलीच्या गावाची, बोलीची, चालण्याची रेघ न पुसता तिच्याभोवती सगळा चित्रपट रचू शकतो. पण प्रत्येकाच्या वाट्याला असा दिग्दर्शक येत नाही. बहुतेक नटांना आयुष्यभर आपल्यापासून लांबच्या माणसांची कामं करावी लागतात, कधी वाईट लिहिलेली, कधी घाईत बसवलेली. त्यासाठी हाताशी काहीतरी साधन लागतं.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे येऊ. साधारण सगळीकडे रीत सारखीच असते: अर्ज, थोडी लेखी चाचणी, दोन उतारे, एखादं गाणं किंवा हालचालीचं काम, मुलाखत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ मध्ये सुरू झालेलं, पदवी आणि किमान सहा नाटकांचा अनुभव मागत आलेलं आहे. पहिल्या फेरीतून निवडलेल्यांना ते दिल्लीला बोलावून काही दिवसांची कार्यशाळा घेतं आणि देशभरातून जेमतेम तीसेक जणांना प्रवेश देतं. ही कार्यशाळेची पद्धत मला सगळ्यात न्याय्य वाटते. पहिल्या दिवशी चमकलेला मुलगा तिसऱ्या दिवशी तेच तेच करताना दिसतो, आणि कोपऱ्यात गप्प बसलेली मुलगी दुसऱ्याच्या प्रसंगात बारकाईनं ऐकताना दिसते. दहा मिनिटांच्या चाचणीत हे कळायला वाव नसतो.

पण दहा मिनिटंच असतील तरी ती वापरता येतात. उमेदवाराचा उतारा संपला की शाबासकी किंवा मौन देऊन त्याला बाहेर पाठवू नये. तेच स्वगत त्याला दाराबाहेर झोपलेल्या आईला जाग येऊ न देता म्हणायला सांगावं. ज्याच्याशी बोलतोयस तो उठून निघालाय, त्याला थांबव, एवढंच सांगावं. मी पाहिलं आहे की या क्षणी मुलांचे सरळ दोन गट पडतात. काही जण तेच, त्याच सुरात, आवाज थोडा कमी करून पुन्हा म्हणतात. काही जण गडबडतात, वाक्य विसरतात, हसतात, पुन्हा सुरुवात करतात, आणि मध्येच एखाद्या शब्दावर काहीतरी खरं घडतं. दुसऱ्या गटातल्यांचं सादरीकरण बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा वाईट होतं. तरीही प्रवेश त्यांना द्यावा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

गुणपत्रिकेत मात्र याला रकाना नसतो. तिथे वाचिक, आंगिक, पाठांतर, सफाई असे रकाने असतात, आणि सफाईला सहज गुण मिळतात. सफाई कुणापाशी असते? ज्याच्या शाळेत नाटक होतं, ज्यानं उन्हाळी शिबिरं केली, ज्याला घरी पुस्तकी मराठी ऐकायला मिळाली. आपण गुणवत्ता मोजतोय असं वाटत असताना आपण बहुतेकदा आधी मिळालेली संधी मोजत असतो.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, रात्रभर नाटक चालतं आणि हजारो माणसं तिकीट काढून ते पाहतात. तिथला मुलगा प्रवेशाला येतो तेव्हा त्यानं जितके प्रयोग केलेले असतात तितके परीक्षकांपैकी एखाद्यानंही केलेले नसतील. तो उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायला शिकलेला असतो. छोट्या खोलीत त्याचं काम अंगावर येतं, आणि कागदावर शेरा पडतो: भडक, उच्चार अशुद्ध. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. भडक म्हणजे काय तर त्यानं जागेचा अंदाज त्याच्या नेहमीच्या जागेवरून घेतला. त्याला सांगा की समोरची भिंत दहा फुटांवर आहे, आणि मग पाहा. उच्चारांचं तर मला मुळीच पटत नाही. मच्छिंद्र कांबळींनी मालवणीत ‘वस्त्रहरण’ उभं केलं, मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याची बोली घेऊन पडदा गाजवला. प्रमाणभाषा नटाला यायला हवी, जशी आणखी चार बोली यायला हव्यात. पण ती शिकवणं हे विभागाचं काम आहे. ती येत नाही म्हणून दारातून परत पाठवायचं, तर मग आत शिकवणार काय?

अर्ज करणाऱ्या मुलामुलींशी मला थेट बोलायचं आहे. तुमच्या वयाच्या जवळचं माणूस निवडा. ज्या नाटकातला उतारा घ्याल ते नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, मग यूट्यूबवरचा प्रयोग पाहायचा मोह आवरा, निदान उतारा तुमच्या तोंडात रुळेपर्यंत. हे माणूस कुणाशी बोलतंय, त्याला समोरच्याकडून काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर पुढच्या क्षणी ते काय करणार, एवढं तुम्हाला ठाऊक असेल तर बोलताना रडू येवो न येवो, काही बिघडत नाही. स्वगताऐवजी साधा, दैनंदिन, कमी शब्दांचा प्रसंग घेतलात तर परीक्षक तुम्हाला जास्त पाहू शकतील. मुलाखतीत नट का व्हायचंय असं विचारलं की लहानपणापासूनची आवड सांगू नका. अलीकडे पाहिलेल्या एका नाटकात काय पटलं नाही ते सांगा. आणि कुणी मध्येच थांबवून वेगळं करायला सांगितलं तर घाबरू नका. मघाचं काम वाईट झालं असा त्याचा अर्थ नसतो. तिथून चाचणी सुरू होते.

निवड अशी झाली तर आतल्या तीन वर्षांचा अर्थही बदलतो. विद्यापीठ नटाला देऊ शकतं अशी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाईट काम करून पाहण्याची सुरक्षित जागा. मालिकेच्या सेटवर ती नाही, तिथे दिवसाला ठरलेली मिनिटं भरायची असतात. व्यावसायिक नाटकात नाही, तिथे तिकीट विकलेलं असतं. ही जागा राखणं सोपं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती दाखवणारा विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला गेला, आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांनाच अटक झाली. नाटक कुणाला आवडलं नाही, कुणाच्या भावना दुखावल्या, यावर बोलता येतं, बोलायलाच हवं. पण अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या कामासाठी विद्यार्थी पोलीस ठाण्यात पोचतो तेव्हा पुढच्या तुकडीतली मुलं कुठला विषय निवडताना किती वेळा मागे वळून पाहतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. घाबरलेला नट शिकत नाही. तो आधी पास झालेल्या गोष्टीच पुन्हा करतो, म्हणजे पुन्हा कुणाचा तरी बेलवलकर.

आईवडील विचारतात, पुढे काय? हा प्रश्न क्षुद्र नाही आणि त्याला कलेच्या गप्पांनी उत्तर देऊ नये. नट म्हणून पोट भरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि जो क्लास तशी खात्री देतो त्याच्यापासून लांब राहावं. काही महिन्यांत कॅमेऱ्यासमोर उभं करून देण्याच्या नावाखाली असे क्लास घेतात ते शुल्क अनेकदा विद्यापीठाच्या वर्षभराच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त असतं. विद्यापीठाच्या पदवीनंतर पुढे पदव्युत्तर शिक्षण आहे, नेट-सेट आहे, शाळांमध्ये नाट्यशिक्षक म्हणून काम आहे, प्रकाशयोजना, नेपथ्य, लेखन, ध्वनी अशा वाटा आहेत, आणि तीन वर्षांत त्यातली एखादी आपली आहे हे कळायला जागा आहे. नट व्हायला आलेली अनेक माणसं तिथून उत्तम प्रकाशयोजनाकार होऊन बाहेर पडतात. त्यांना अपयशी म्हणणं चूक आहे.

मात्र या सगळ्याला एक अट आहे आणि ती सरकारच्या हातात आहे. बदलणाऱ्या विद्यार्थ्याला तीन वर्षं पाहणारा माणूस लागतो. राज्यातल्या विद्यापीठांत शिक्षकांच्या कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेले, तासाच्या हिशेबानं मानधन घेणारे, पुढच्या सत्रात असतील की नाही हे ठाऊक नसलेले शिक्षक वर्ग सांभाळतात. त्यांच्यातले कित्येक जण जीव ओतून शिकवतात. तरीही जूनमध्ये ज्यानं मुलीला निवडलं तो डिसेंबरात तिथे नसेल, तर ती तेव्हा कुठे होती आणि आता कुठे आली हे कोण सांगणार? प्रवेशाच्या टेबलामागे बसणाऱ्यांत पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष शिकवणारे दोन कायम शिक्षक असलेच पाहिजेत, आणि प्रवेशाच्या वेळी लिहिलेली त्यांची टिपणं वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यासमोर उघडली गेली पाहिजेत. नाट्यविभागांनी विद्यापीठाकडे नवं सभागृह मागण्याआधी या दोन जागा मागाव्यात.